माहेर आहे ना

हॅरोबेक
११ जून २०२४

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार.

नेहमीप्रमाणे कागदावर लिहून त्याचा फोटो परीक्षितदादाच्या फोनवर पाठवतो आहे. बोललेलं उडून जातं, लिहिलेलं राहतं, असं तुम्ही म्हणता म्हणून. शिवाय फोनवर बोलायचं तर आई शेजारी असते आणि हे तिच्यासमोर बोलता येणार नाही.

आमचं घर सुटलं हे तिने तुम्हाला सांगितलं असेल. कसं सुटलं ते सांगितलं नसेल. मालकाने घर विकायला काढलं. आमची काही चूक नव्हती. मी दुसरं घर खूप शोधलं. पण गोदामातल्या माझ्या कामाचे तास कमी झाले आहेत. सरकार भाड्याला मदत करतं, तीही ठरावीक रकमेपर्यंतच, आणि त्या रकमेत या गावात घर मिळत नाही. एजंट विचारतात, पगार किती, जामीन कोण. मी सांगतो. मग ते म्हणतात, कळवतो. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, बजावलं होतं की बेलिफ दारात येईपर्यंत घर सोडू नका, नाहीतर तुम्ही आपणहून बाहेर पडलात असं धरू. म्हणून थांबलो. बेलिफ आला तेव्हा आईने त्याला चहा विचारला.

आता कौन्सिलने मोटरवेच्या कडेला एका हॉटेलात खोली दिली आहे. तिथे स्वयंपाकाला मनाई आहे. आईला डायलिसिसला आठवड्यातून तीनदा न्यायला हॉस्पिटलची गाडी येते, ती इथेही येते, एवढं बरं आहे.

अडचण पुढे आहे. आमच्याकडे इथला कायम राहण्याचा परवाना आहे म्हणून अर्ज तरी घेतला. अर्ज माझ्या नावाचा आहे, पण विचार होतो तो आईच्या आजारामुळे. एकट्या धडधाकट मुलाला ते पत्त्यांची यादी देऊन परत पाठवतात. मुलाखत घ्यायला हेलन नावाच्या ऑफिसर बाई होत्या. आईसाठी फोनवर दुभाषा घेतला होता. मराठीचा म्हणून दिला होता, पण तो हिंदीच जास्त बोलत होता. बाईंनी विचारलं, तुमचं जगात दुसरीकडे कुठे घर आहे का? आई म्हणाली, "घर नाही हो. पण माहेर आहे ना. भाऊ आहे माझा मिरजेला."

दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं की यांच्या कुटुंबाचं स्वतःचं घर मिरजेत आहे. मी म्हणालो, माहेर म्हणजे तसं नव्हे. बाई म्हणाल्या, "अपूर्व, लेट हर आन्सर." त्यांनी आईला परत विचारलं, तिथे तुम्हाला राहता येईल का? आई जवळ जवळ रागावलीच. "म्हणजे काय! माहेर आहे ते."

निर्णय मागच्या आठवड्यात आला. इथल्या कायद्याप्रमाणे जगात कुठेही राहण्याजोगं घर असलं तर माणूस बेघर नाही. म्हणून आम्ही बेघर नाही. मिरजेत डायलिसिस होतं हे त्यांनी इंटरनेटवर पाहिलं आहे. मी फेरविचाराचा अर्ज केला आहे आणि त्याचा निकाल लागेपर्यंत, आईकडे बघून, त्यांनी ही खोली राहू दिली आहे.

फेरविचारासाठी त्यांना तुमच्याकडून घराबद्दल एक पत्र हवं आहे. घरात किती जागा आहे, कोण कोण राहतं, आईला तिथे राहणं शक्य आहे का. मामा, खरं ते लिहा. निर्णयाच्या पहिल्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे, म्हणजे संदर्भ क्रमांक चुकणार नाही.

बाबा गेल्यापासून असं काही विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

तुमचा
अपूर्व


मिरज
१८ जून

चि. अपूर्व, आशीर्वाद.

आधी शुद्धलेखन. एकच चूक आहे. "जवळजवळ" जोडून लिहावं, तू मध्ये जागा सोडली आहेस. बाकी स्वच्छ. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे डोळा आधी तिकडेच जातो, वाईट वाटून घेऊ नकोस. शाळा तिथली अर्धी, इथली अर्धी, पण हात शुद्ध राहिला तुझा.

आता कामाचं. तुझं पत्र आलं तसं यमुनेला म्हटलं, बघ, विलायतेच्या सरकारला आपल्या घराची चौकशी करावी लागली! दुसऱ्याच दिवशी वकील गाठला. स्टॅम्पपेपरवर इंग्रजीत प्रतिज्ञापत्र केलं, नोटरीचा शिक्का मारून घेतला. त्यात लिहिलं आहे की माझी धाकटी बहीण आसावरी हिचं हे माहेर आहे, या घराचं दार तिला आणि तिच्या मुलाला आजन्म उघडं आहे, आणि वरची स्वतंत्र खोली मी तिच्यासाठी राखून ठेवली आहे. वकील म्हणाला, "आजन्म कशाला काका, तूर्त लिहू." म्हटलं, तू लिही सांगतो ते.

तू मध्ये कुठे धावपळ करत बसशील, म्हणून परीक्षितने त्या पानावरच्या पत्त्यावर थेट मेल करून टाकलं. आता तिथले लोक तुम्हाला बेवारशी समजणार नाहीत. पाठीमागे कुणीतरी उभं आहे हे कळलं की लोक नीट वागतात. तिथे काय नि इथे काय.

आसाला वाचून दाखव. म्हणावं, भावाने काम केलं.

मामा


हॅरोबेक
२० जून

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ हॉटेलच्या जिन्यात बसलो होतो. चूक माझी आहे. "खरं ते लिहा" एवढंच लिहून मी थांबलो. सरळ लिहायची लाज वाटली.

काल हेलनबाईंचा फोन आला. त्यांना प्रतिज्ञापत्र मिळालं. त्या अगदी आनंदाने म्हणाल्या, "दॅट्स लव्हली, अपूर्व. सो यू डू हॅव समव्हेअर." तुमचा भाऊ किती चांगला आहे, असं त्यांनी आईला सांगायला सांगितलं. मी सांगितलं. आईचे डोळे भरून आले.

मामा, इथे उलटं आहे. पाठीमागे कुणी उभं आहे हे कळलं की मदत थांबते. तुम्ही "ये" म्हणालात, म्हणून आमच्याकडे घर आहे. तो कागद आता आमच्याविरुद्ध फाईलला लागला आहे. फेरविचारात आम्ही हरलो तर हॉटेल त्याच आठवड्यात सोडावं लागेल. मी कुणाच्या सोफ्यावर झोपेन, पण आईला कुठे ठेवू? हॉस्पिटलच्या गाडीला पत्ता लागतो. पत्ता नसेल तर गाडी येत नाही.

म्हणून आता सरळ लिहितो. मला तुमच्या सहीने पुढील वाक्य हवं आहे:

"माझी बहीण आसावरी हिला माझ्या घरात राहायला जागा नाही."

हे फक्त कागदावर. आईला मी दाखवणार नाही. कौन्सिलच्या फाईलीत जाईल आणि तिथेच राहील. तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. रागावू नका.

तुमचा
अपूर्व


मिरज
२ जुलै

चि. अपूर्व,

पत्र दोनदा वाचलं. एकही चूक नाही. इतकं शुद्ध आणि इतकं वाईट पत्र मी आजवर वाचलं नव्हतं.

काय राज्य आहे ते! "ये" म्हणणारा भाऊ चालत नाही, "येऊ नकोस" म्हणणारा पाहिजे. तेही सहीनिशी. भावाने लिहून द्यायचं की बहिणीला थारा नाही, मग परक्यांनी तिला छप्पर द्यायचं. त्या हेलनबाईला भाऊ नाही का? विचार तिला.

फक्त कागदावर म्हणतोस. अरे, माझं सगळं आयुष्य फक्त कागदावरच गेलं. एकदा आमच्याकडे एका घरच्या दुखवट्याच्या निवेदनात गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या भावाचंच नाव छापलं गेलं. माझ्या नजरेतून सुटलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. पण तो भाऊ पुढे कितीतरी वर्षं रस्त्यात भेटला की म्हणायचा, "काय ज्ञानबा, मारलंत ना मला?" हसत म्हणायचा, पण म्हणायचा. कागदावर आलं की ते झालेलं असतं.

आसा लग्न होऊन गेली, तिला मी काय दिलं? वर्षाला एक साडी, तीही चार वर्षं चुकली. तिने मागितलं नाही, माझ्याकडे नव्हतं. एक शब्द होता माझ्याकडे तिला द्यायला, माहेर. तो आता तू मला खोडायला सांगतोस.

त्यापेक्षा या ना इकडे. वरच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, वारा येतो. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! आसा पडून राहील, तू परीक्षितच्या दुकानात बस. कौन्सिल म्हणते त्यात खोटं काय आहे?

माझ्या हातून हे होणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

मामा


हॅरोबेक
९ जुलै

प्रिय मामा,

पुन्हा विचारत नाही. तुम्ही "या ना इकडे" लिहिलंत, त्याचा मी खरोखर विचार केला. त्यासाठी काही गोष्टी माहीत करून घ्यायच्या आहेत.

डायलिसिसहून आली की आईला चार पायऱ्या चढतानाही धरावं लागतं. वरच्या खोलीला जिना आतून आहे की बाहेरून? कठडा आहे का? वर संडास आहे का? मी दहा वर्षांचा असताना मिरज सोडलं, तेव्हा वर गच्ची होती असं मला आठवतं. खोली कधी बांधली हे तुम्ही कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो.

मिरजेत डायलिसिसला नंबर लागायला किती दिवस जातात? खर्च कोण करणार? इथे ते फुकट आहे. आणि आम्ही दोन वर्षं बाहेर राहिलो तर इथला परवाना जातो, मग परत येता येत नाही.

इथलं सांगतो. शेजारच्या खोलीत एक बाई दोन मुलांना घेऊन राहत होती. तिला कौन्सिलने तीन तासांच्या अंतरावरच्या गावात जागा देऊ केली. मुलांची शाळा इथे आहे म्हणून तिने नको म्हटलं. मग तिला कळवलं की आम्ही जागा दिली, तुम्ही नाकारली, आमचं काम संपलं. ती गेली. कुठे गेली ते रिसेप्शनवरच्या मुलीलाही माहीत नाही.

आई त्या मुलीला मिरजेबद्दल सांगत असते. तुमचं प्रतिज्ञापत्र तिने माझ्याकडून वाचून घेतलं, "आजन्म" हा शब्द दोनदा वाचायला लावला. त्या दिवसापासून ती रात्री शांत झोपते. मला झोप येत नाही.

वरील प्रश्नांची उत्तरं सवडीने कळवा.

तुमचा
अपूर्व


मिरज
२४ जुलै

अपूर्व बाळा,

मी यमुनामामी. हे ईशानीच्या फोनवरनं पाठवतेय. ह्यांना माहीत नाही, परीक्षितलाही नाही. माझं तुम्हा मामाभाच्यांसारखं शुद्ध नसतं, सांभाळून घे.

तुझं पत्र ह्यांच्या उशाखाली आहे. काढतात, वाचतात, परत ठेवतात. विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाले, जिना विचारतोय.

बाळा, जिना नाही. खोलीच नाही. तुझे बाबा गेले त्या वर्षी ह्यांनी बांधायला काढली, वन्सं परत आल्या तर असू दे म्हणून. चार खांब उभे राहिले नि पैसे संपले. आता नुसत्या सळ्या आहेत, आम्ही त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालतो. पण ह्यांच्या डोक्यात खोली पुरी झालेली आहे. परवा मला म्हणतात, पूर्वेचं ऊन येतं, पडदा जाड लावावा लागेल. मी म्हटलं, आधी भिंत लावा.

खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर. पुढची खोली परीक्षितच्या दुकानाच्या मालाने भरली. आतली त्या दोघांची नि बाळाची. आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय करून झोपतो. मी कूस बदलली की हे उठतात. वन्सं आल्या तर कुठं निजवू? ह्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांना ते खरंच वाटतं.

म्हणून मी माझ्या सहीने कागद केलाय. ईशानीने इंग्रजीत केला. त्यात लिहिलंय, माझं नि माझ्या नणंदेचं लग्नापासून पटत नाही, मी तिला ह्या घरात पाऊल टाकू देणार नाही. ईशानी म्हणाली, सासूबाई, असं कशाला, जागा नाही एवढंच लिहू. मी म्हटलं, जागा कुणीही कर म्हणेल. भावजय वाईट असते हे मात्र कुणालाही पटतं, इंग्रजालासुद्धा पटेल. गच्चीवरच्या खांबांचे फोटोही सोबत आहेत. कपडे काढून मग काढलेत.

परीक्षितच्या वेळेस मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तुझी आई रोज माझे केस विंचरून द्यायची. ते कौन्सिलला लिहू नकोस.

ह्यांना कळू देऊ नकोस. वन्संना तर मुळीच नाही. मला वाईट ठरव नि घर घे.

मामी


हॅरोबेक
६ ऑगस्ट

प्रिय मामी,

तुमचा कागद आणि फोटो मी स्वतः नेऊन दिले. त्याआधी दोन दिवस खिशात ठेवून फिरलो.

फेरविचार वेगळा माणूस करतो. त्यांचं नाव रवी. आजोबा साठ वर्षांपूर्वी पुण्याहून आले, हे स्वतः इथेच जन्मले. मला आशा वाटली. मी माहेर या शब्दाबद्दल सांगायला लागलो, तर म्हणाले, "मला माहीत आहे हा शब्द. माझा आजी रोज बोलायची. आय गेट इट, अपूर्व. पण फाईलमध्ये माहेरचा बॉक्स नाही ना."

मग त्यांनी तुमचा कागद वाचला. बराच वेळ वाचला. म्हणाले, "हा तुझा मामी आहे? शी साउंड्स फिअर्स." तुम्ही सांगितलं होतं तसं तुम्हाला वाईट ठरवलं, मामी. मान खाली घालून गप्प बसलो, तेवढ्यानेच झालं.

पण ते पुरलं नाही. ते म्हणाले, घर मामांच्या नावावर आहे. मालक म्हणतो ये, मालकाची बायको म्हणते येऊ नको. कायदा मालकाचं ऐकतो. आणि फोटोंत खांब आहेत, पण ते त्याच घराचे कशावरून? म्हणून ते मालकालाच लिहून विचारणार आहेत की यातलं खरं काय. मी म्हणालो, सर, प्लीज, त्यांना विचारू नका. ते म्हणाले, "मला विचारावं लागतो. नाहीतर मी फेअर नाही."

प्रतिज्ञापत्र ज्या पत्त्यावरून आलं, त्याच पत्त्यावर ते मेल जाईल. म्हणजे परीक्षितदादाकडे. म्हणजे मामांकडे. मी थांबवू शकलो नाही. हे तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहितो आहे, पण कळून तुम्ही तरी काय करणार.

आई बरी आहे. ती तुमची आठवण काढते.

अपूर्व


मिरज
१४ ऑगस्ट

चि. अपूर्व,

मेल आलं. परीक्षितने वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं, मग मी पुन्हा सांगायला लावलं. त्यात यमुनेबद्दल लिहिलं आहे, बहिणीशी वैर धरणारी पत्नी. यमुना समोर बसून भाकरी थापत होती. तिला विचारलं, हे तू लिहिलंस? म्हणाली, "लिहिलं. काही कमी पडलं असेल तर सांगा, परत लिहिते."

मी गच्चीवर जाऊन बसलो. शिडीने. दोरीवर बाळाची दुपटी होती. खिडकी कुठे येणार होती ते मला पक्कं माहीत होतं, तिकडे तोंड करून बसलो. तिथून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते.

एका परक्या सरकारच्या दप्तरात माझी बायको दुष्ट म्हणून राहणार आणि मी प्रेमळ भाऊ म्हणून. हे मुद्रित मी पास करू शकत नाही.

खालील मजकूर इंग्रजीत करून, नोटरी करून त्यांना पाठवला आहे. वकील तोच होता. म्हणाला, "काका, मागच्या वेळी आजन्म लिहिलं होतंत." म्हटलं, हो.

"मी, या घराचा एकमेव मालक, लिहून देतो की माझी बहीण आसावरी हिला व तिच्या मुलाला माझ्या घरात राहायला जागा नाही. वरची खोली बांधलेली नाही व मी ती बांधू शकणार नाही. माझ्या आधीच्या प्रतिज्ञापत्रातील मजकूर चुकीचा होता. माझ्या पत्नीचे व बहिणीचे वैर नाही, कधी नव्हते. नकार माझा आहे."

शुद्धलेखन मी तपासलं आहे. यातलं काही दुरुस्त करू नकोस. आसाला दाखवू नकोस. यापुढे काही काळ मी लिहिणार नाही.

मामा


प्रेस्टबरो
२२ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुम्ही लिहिणार नाही म्हणालात, तरी मी लिहितो आहे.

काम झालं. रवी यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स, अपूर्व. आता तुम्ही ऑफिशियली बेघर आहे." मी थँक यू म्हणालो. नंतर लेखी आलं, त्यात तुमच्या दुसऱ्या कागदाचा उल्लेख आहे, त्यांनी तो ग्राह्य धरला. मामीच्या कागदाचा आता कुठेच उल्लेख नाही. तिला सांगा.

आम्हाला एक तळमजल्याचा फ्लॅट दिला आहे, दोन खोल्यांचा. गाव दुसरं आहे. नको म्हणायची सोय नव्हती. मी हो म्हणालो तेव्हा गाव नकाशावर पाहिलेलंही नव्हतं. गोदाम इथून फार लांब पडतं, सकाळच्या पाळीला पोचवणारी बसच नाही, म्हणून ते काम सुटेल असं दिसतं. एका भिंतीला ओल आहे. जागा तात्पुरती आहे. तात्पुरती म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. वरच्या मजल्यावरचं कुटुंब पाच वर्षं तात्पुरतं आहे. पण हॉस्पिटलच्या गाडीला पत्ता आहे आणि गाडी येते.

आईला काहीच माहीत नाही. तिला वाटतं, त्या लोकांना दया आली.

आता खरं कारण लिहितो. ती दर रविवारी तुम्हाला फोन लावते. मामी घेते आणि म्हणते, बाहेर गेलेत. मागच्या रविवारी पाठीमागे तुमचा खोकला ऐकू आला. आईने तो ओळखला. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, दादा का बोलत नाही माझ्याशी? मी म्हणालो, घसा बसला असेल. ती म्हणाली, "मूर्खा, मी त्याची बहीण आहे. रागावलाय तो."

मामीने मला कळवलं की तुम्ही म्हणता, सही करून नाही म्हटलं, आता कुठल्या तोंडाने बोलू. मामा, तो कागद कौन्सिलसाठी होता. मी तुम्हाला फक्त कागदावर म्हणालो होतो. तुम्ही तो घरात लावून घेतला.

तुम्ही का रागावलात, याचं कारण आईने स्वतःच शोधून काढलं आहे. ते चूक आहे हे तिला सांगायचं तर खरं सांगावं लागेल. ते मी सांगू शकत नाही. तिने मला आज शेजारी बसवून पुढचा मजकूर सांगितला आणि म्हणाली, लिही आणि पाठव, एक शब्द बदलू नकोस. मी नाही म्हणू शकलो नाही.

"दादा, राखी पोचली का तेही कळवलं नाहीस. तू का रागावलास ते मला कळलं. तू कोर्टाच्या कागदावर लिहून साऱ्या जगाला सांगितलंस, माझ्या बहिणीला मी सांभाळीन, आणि मी तुझा शब्द खाली पाडून इथे परक्यांच्या घरात शिरले. लोकांनी तुला विचारलं असेल, काय झालं, आली नाही का बहीण? तुझा मान मी ठेवला नाही. चुकलं माझं. पोराची नोकरी इथे, दवाखाना इथे, म्हणून राहिले. तुझ्याकडे यायचं नव्हतं म्हणून नाही. बरं वाटलं की येईन आणि चांगली दोन महिने राहीन, यमुना कंटाळेपर्यंत राहीन. मग तर झालं? आता फोन घे. तुझी आसा."